दिवाळीत व्हिएतनाम, सोबत सासू-सासरे आणि लेक : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, प्रश्न बरेच आहेत, वाचून दमाल, आधीच सॉरी.

नवऱ्याने सेलमध्ये तिकिटं काढून टाकलीत. मुंबईहून हनोई आणि परत येताना हो ची मिन्ह सिटीहून (सगळे सायगावच म्हणतात ना अजून?). लक्ष्मीपूजन घरी उरकून त्याच रात्री निघायचं, आणि तिकिटं काढून झाल्यावर साहेब मोकळे, पुढचं सगळं माझ्या गळ्यात. बरोबर सासरे (सत्तरीच्या पुढचे, गुडघे कुरकुरतात पण मान्य करत नाहीत), सासूबाई आणि तिसरीतली लेक. साधारण आठवडाभराचा मुक्काम.

एजंटने दिलेला प्लॅन असा: हनोई, हा लाँग बेची क्रूझ, मग विमानाने दा नांग, त्या दोन मोठ्या हातांनी पेललेल्या सोनेरी पुलावर फोटो, होई अन, मग सायगाव. माझी बहीण म्हणते नोव्हेंबरात दा नांगला छत्री सोडून काही दिसत नाही, एजंट म्हणतो थोडा ड्रिझल असतो मॅडम. खरं कोण बोलतंय?

दुसरं जेवण. सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि चातुर्मासात कांदा-लसूणही नाही, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत. तिकडे म्हणे सगळ्यात माशाचं पाणी घालतात. रोज थेपले आणि मेतकूट-भातावर त्या काढतील पण मला वाईट वाटतं हो, परदेशात नेऊन डब्यातलंच खायला घालायचं.

तिसरं व्हिसा. एजंट माणशी जे पैसे मागतोय ते ऐकून सासरे म्हणाले मी घरीच बसतो. स्वतः करणं अवघड आहे का? आणि पैसे कसे न्यायचे तेही सांगा, डाँगचे आकडे बघून गरगरतंय. नवऱ्याला तिथे स्कूटर भाड्याने घ्यायची आहे, त्यावरही कोणीतरी दोन शब्द लिहा, माझं ऐकत नाही.

भटका_ठाणेकर
ताई, बहिणीचं ऐका. व्हिएतनाम उभा लांबच लांब देश आहे, एकाच तारखेला वर, मध्ये आणि खाली तीन वेगळे ऋतू असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मधल्या भागाचा ऐन पावसाळा, दा नांग, होई अन, ह्यूए सगळं त्यातच येतं. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी होई अनच्या जुन्या गावात होड्या फिरत होत्या, आणि फिरवायला नाही, लोकांना बाहेर काढायला. दरवर्षी एवढं होतं असं नाही, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन हा जुगार कशाला. उलट त्याच दिवसांत हनोईत हवा मस्त असते, आणि सायगावचा पाऊस संपत आलेला असतो.

मी असतो तर मधला भाग सरळ उडवला असता. ते दिवस निन्ह बिन्हला द्या, हनोईपासून गाडीने दोनेक तास. तिथे चांग अन म्हणून जागा आहे, चुनखडीच्या डोंगरांमधून आणि गुहांखालून वल्ह्याची होडी नेतात, दोन-अडीच तास नुसतं बसून राहायचं, गुडघ्यांना काही त्रास नाही. गुहेत छत इतकं खाली येतं की डोकं वाकवावं लागतं, लेकीला भारी मजा येईल. मग हा लाँग करून विमानाने सायगाव.

इतिहासवेडी
दा नांग उडवायचं सगळ्यांना बरं सुचतं. होई अनपासून जवळ 'मी सॉन' नावाची जागा आहे, तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं, चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वराचं देऊळ बांधलं तिथून सुरुवात. १९६९ साली अमेरिकन बॉम्बहल्ल्यात मुख्य शिखर गेलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीचं काम करत होती, २०२० मध्ये त्यांना अख्खं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. सासूबाईंना तो सोनेरी पूल लक्षात राहील की हे?

भटका_ठाणेकर
मान्य, पण जानेवारीनंतर जा आणि बघा. भर पावसात त्या विटांवरून सत्तरीच्या माणसाला चालवायचं म्हणजे कठीण आहे.

इतिहासवेडी
हम्म. बरं, पुढच्या खेपेला.

पोळीभाजी
जेवणाचं मी सांगते, मी पण शाकाहारीच. माशाचं पाणी म्हणजे नुओक माम, ते खरंच सगळीकडे असतं, नुसती परतलेली भाजी मागवली तरी त्यात पडतं. पण तिथे बौद्धांची शाकाहारी खानावळ असते, बोर्डावर चाय असा शब्द शोधा, क्वान चाय, कॉम चाय वगैरे. आणि गंमत म्हणजे कडक बौद्ध जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे तुमच्या सासूबाईंचा चातुर्मास हनोईत पुण्यापेक्षा सोपा जाईल. तरी प्रत्येक ठिकाणी विचारून घ्याच, सगळे तेवढे कडक नसतात. उच्चाराच्या भानगडीत पडू नका, "कांदा नको, लसूण नको, माशाचा सॉस नको, अंडं नको" असं त्यांच्या भाषेत लिहून घ्या, फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा आणि दाखवा.

त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहारी जेवतात. महिना अमावस्येला सुरू होतो, म्हणजे तुम्ही लक्ष्मीपूजन करून उतराल तेव्हा नेमका तोच सुमार. चायवाल्यांकडे गर्दी असेल पण पदार्थही जास्त असतील.

एक मात्र आधी सांगून ठेवा. या खानावळीत सोयाबीनचं, मशरूमचं असं काही करतात की दिसायला थेट कोंबडी, कातडीसकट. ताट समोर आलं की सासूबाई उठून जातील. त्यांच्यासाठी टोफू टोमॅटोच्या रश्शात आणि भात, हे डोळे मिटून मागवा.

थेपले न्याच, क्रूझवर लागतील. बहुतेक हॉटेलांत खोलीत किटली असते, गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा चालतात.

हिशेबी_माणूस
व्हिसा घरी बसून होतो. सरकारी साईटवरच ई-व्हिसा भरा, एका प्रवेशाचे २५ डॉलर, माणशी, लेकीचाही वेगळा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साईट ढिगाने आहेत आणि सर्चमध्ये वर त्याच येतात, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन आहे का बघा. फोटो चष्मा काढून. येण्याचं ठिकाण नोई बाय (हनोईचा विमानतळ) आणि जाण्याचं तान सोन न्यात (सायगावचा), असं नीट निवडा. पासपोर्ट नंबर दोघांनी वाचून जुळवा, एक आकडा चुकला तर विमानात बसूच देणार नाहीत आणि फी परत मिळत नाही. म्हणायला तीन कामाचे दिवस, पण तुम्ही दसऱ्याच्या आसपास भरून मोकळे व्हा. प्रिंट जवळ ठेवा.

पैसे: इथून कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा न्या, तिथे बदला. हिशेब सोपा आहे, शेवटची तीन शून्यं झाका आणि साडेतीनने गुणा. एक लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. सांभाळायचं ते निळ्या नोटांपासून, वीस हजाराची पण निळी आणि पाच लाखाची पण निळीच, संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीवाल्याला सत्तर रुपयांऐवजी सतराशे दिले जातात. त्यापेक्षा ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखं ॲप) वापरा, भाडं आधीच दिसतं.

स्कूटरबद्दल साहेबांना हे वाचून दाखवा: आपल्याकडे मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातलं असतं, व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतं. गाडी भाड्याने देणारा काही विचारणार नाही, पण पडलात तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारेल.

धागाकर्ती
साहेबांना वाचून दाखवलं, "बघू" म्हणाले, म्हणजे जमलं. एजंटला मधला भाग काढायला सांगितला तर म्हणतो पॅकेज तुटेल, तर तुटू दे. पोळीभाजीताई, टोफूचं सासूबाईंना सांगितलं, म्हणाल्या पनीरसारखं असेल तर चालेल, मी पुढे काही बोलले नाही.

शेवटचे दोन: गरम कपडे किती? आणि क्रूझवाल्याच्या यादीत 'ती तॉप' नावाचं बेट आहे, सासऱ्यांना जमेल?

भटका_ठाणेकर
एखादा स्वेटर आणि शाल पुरे, डेकवर सकाळी वारा लागतो. सायगावला मात्र घामच निघेल. ती तॉपला वर जायला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. खाली छोटा किनारा आहे, आजोबा आणि नात तिथे वाळूत बसतील, तुम्ही दोघं वर जाऊन या. फक्त पायऱ्यांचा आकडा सासऱ्यांना आधी सांगू नका, नाहीतर हट्टाने चढतील.