इस्तंबूलला चार दिवस, सोबत आई-बाबा. काय बघू, काय सोडू?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. भाऊ शिकागोला असतो, आई-बाबा सहा महिने तिकडंच होते, त्यांना आणायला मी जातोय आणि येतानाचं तिकीट इस्तंबूलवरनं मिळालंय. म्हटलं नुसतं विमानतळावर बसून सँडविच खाण्यापेक्षा उतरूनच जाऊ की. तिघांकडं अमेरिकेचा व्हिसा आहे त्यामुळं तुर्कीचा ई-व्हिसा ऑनलाइनच मिळाला, तो प्रश्न मिटला.

दसरा झाला की जातोय, शनिवारी रात्री पोचणार आणि गुरुवारी पहाटे मुंबईचं विमान, म्हणजे हातात चार दिवस. आत्ता ठरवलंय ते असं: रविवारी ग्रँड बझार, सोमवारी डोल्माबाहचे राजवाडा, मंगळवारी तोपकापी राजवाडा आणि आया सोफिया मशीद, बुधवारी राहिलेलं सगळं.

बाबा ६८ चे, चालायला दणकट, त्यांना म्युझियम म्हटलं की तहानभूक लागत नाही. आईचा डावा गुडघा बोंबलतोय, त्यात ती शाकाहारी, आणि तिला फक्त बाजार बघायचाय. केशर घ्यायचं म्हणती आणि जमलं तर एक चेन. तिकिटांचे दर युरोत बघून माझे डोळे फिरलेत, एकट्या आया सोफियाला माणशी २५ युरो! तिघांच्या पैशात इथं अख्ख्या गल्लीला मिसळ घालता येईल. म्युझियम पास घ्यावा का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

गंगावेस_तालीम

भावा प्लॅन कुणी केलाय? रविवारी ग्रँड बझार बंद. सोमवारी डोल्माबाहचे बंद. मंगळवारी तोपकापी बंद. चार दिवसांतले तीन दिवस नुसती कुलपं बघत फिरणार काय? एवढा नेम धरून चुकायला पण डोकं लागतंय हाहाहा.

पंचगंगेचा_घाट

तुर्कीलाच कशाला? त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घ्यायची बंद केली, आणि आपण तिथं जाऊन युरो मोजायचे.

राजारामपुरी_नववी_गल्ली

@पंचगंगेचा_घाट दादा तुमचं म्हणणं कळतंय, पण तिकीट भावानं काढलंय आणि ते परत होत नाही. आता जातोयच तर बघून येतो.

@गंगावेस_तालीम अरे देवा. बरं झालं विचारलं.

टाकाळ्याची_वहिनी

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो त्यामुळं तुमची अडचण पुरती माहितीय. माझं ऐकाल तर दिवस असे फिरवा, रविवारी सुलतानअहमदचा परिसर, सोमवारी तोपकापी, मंगळवारी दोन्ही बाजार, बुधवारी पुराणवस्तू म्युझियम आणि बोट. डोल्माबाहचे सोडा. तिथलं साडेचार टनाचं झुंबर भारी आहे पण एका दिवसाआड राजवाडे बघितले की तिसऱ्या खोलीनंतर सगळं सारखंच दिसतं.

ब्लू मॉस्क फुकट आहे, फक्त नमाजाच्या वेळा सोडून जायचं, आईंना डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवा. आत इझनिक गावच्या वीस हजारांवर टाइल्स आहेत, आणि बाहेर आलं की समोरच हिप्पोड्रोमचं, म्हणजे जुन्या रथशर्यतींचं मैदान. तिथं इजिप्तहून आणलेला ओबेलिस्क म्हणजे उंच दगडी खांब उभा आहे, थुटमोस तिसरा या फॅरोच्या वेळचा, रोमन बादशहा थिओडोसियसनं ३९० साली तिथं रोवला. बाकं आहेत, आईंना बसवा आणि बाबांना सोडा मोकळं. सिस्टर्नला, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या टाक्याला, मात्र आईंना नेऊ नका, खाली उतरायलाच बावन्न पायऱ्या आहेत. खाली ३३६ खांब, अंधार, पाणी आणि कोपऱ्यात मेडुसाची (ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली) दोन डोकी, एक उलटं आणि एक आडवं, बाबा खूश होतील, तुम्ही दोघंच जाऊन या.

आया सोफियाबद्दल खरं सांगू का. परदेशी पाहुण्यांना आता फक्त वरच्या गॅलरीत सोडतात, खालचा भाग नमाजासाठी. म्हणजे चढून जायचं आणि वरून खाली बघायचं. त्यात घुमटाच्या डागडुजीसाठी आत परांच्या बांधल्यात. सासूबाईंचा गुडघा बघून आम्ही सोडलं आणि त्याऐवजी सुलेमानिये मशीद बघितली. मिमार सिनान या वास्तुविशारदानं बांधलेली, १५५७ मध्ये पूर्ण झाली, फुकट, गर्दी कमी, आणि मागच्या अंगणातून गोल्डन हॉर्न खाडीचं पाणी असं दिसतं की सासरे अर्धा तास तिथून हललेच नाहीत. चढावर आहे, टॅक्सीनं जा.

पास घेऊ नका. आया सोफिया आणि सिस्टर्न दोन्ही पासात येतच नाहीत, आणि तुमची पासातली म्युझियम्स होणार दोनच.

निवृत्त_मास्तर

वहिनींचा सल्ला सगळा पटला, आया सोफियाचा सोडून. अहो, पंधराशे वर्षं झाली त्या इमारतीला! ५३२ साली दंगलीत आधीचं चर्च जळालं आणि बादशहा जस्टिनियननं ५३७ पर्यंत हे उभं केलं. सहा वर्षं पण नाही लागली. इथं एक उड्डाणपूल किती वर्षं चालतो ते आठवा. वीसेक वर्षांत भूकंपानं घुमट कोसळला, तो परत जास्त उंच करून बांधला, आज जो दिसतो तो मुख्यतः तो. नऊशे वर्षं चर्च, १४५३ पासून मशीद, १९३५ ला म्युझियम आणि २०२० पासून पुन्हा मशीद. २५ युरो जास्तच आहेत, पण बाबांना म्युझियमचा नाद असेल तर त्यांना एकट्याला पाठवा. वरच्या गॅलरीत येशूचं जे मोझॅक आहे ते खालून दिसतसुद्धा नाही. परांच्या असू देत, घुमट काय त्या झाकणार?

तोपकापीच्या खजिन्यात एक खंजीर आहे, मुठीवर तीन मोठे पाचू आणि टोकाला बारकं घड्याळ. तो नादिरशहासाठी केलेला. तोच नादिरशहा, १७३९ ला दिल्ली लुटून मयूरासन घेऊन गेलेला. सुलतान महमूद पहिला यानं त्याला नजराणा म्हणून पाठवला, माणसं वाटेत असतानाच १७४७ ला नादिरशहाचा खून झाला, मग खंजीर घेऊन मंडळी माघारी. त्या काचेसमोर मी बराच वेळ उभा होतो. आपला शनिवारवाडा बांधून झाल्यावरच्या पंधरा वर्षांतली गोष्ट आहे ही, आणि शाळेत आपण दिल्लीची लूट शिकवली की पुढं त्या लुटारूचं काय झालं ते सांगतच नाही. फोटो काढता येत नाही तिथं, आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या म्युझियमात जसं दटावतात तसंच दटावतात. आईंना स्वयंपाकघरं दाखवा, धुराड्यांची रांगच आहे आणि आत चिनी मातीची भांडी हजारोंनी.

आणि आता माझं आवडतं, पुराणवस्तू म्युझियम. तोपकापीला लागूनच. इजिप्त आणि हित्ती (तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य) लोकांच्या कादेशच्या तहाची मातीची पाटी तिथं आहे, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची, तळहाताएवढे तुकडे. अलेक्झांडरची म्हणतात ती संगमरवरी शवपेटी आहे, ती त्याची स्वतःची नव्हे, पण कोरीवकामात तो घोड्यावर आहे म्हणून ते नाव पडलं.

जायच्या आधी एक करा. आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, बघून घ्या. १९४० च्या दशकातल्या उत्खननात निघालेली छोटी कांस्यमूर्ती, रोमन व्यापारातनं पंचगंगेच्या काठी पोचलेली. तो बघून गेलात की इस्तंबूलला त्या ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या दालनात तुम्हाला त्याची सगळी भावकी भेटल्यासारखं वाटेल. कोल्हापुरात जन्म घेऊन निम्म्या लोकांनी तो बघितलेला नसतो.

गुजरीतला_पोरगा

चेनबद्दल आमच्या धंद्यातलं सांगतो. ग्रँड बझारात जे नाजूक, डिझाइनचं म्हणून दाखवतात ते बऱ्याचदा १४ कॅरेटचं असतंय, तिकडं कॅरेटला 'आयार' म्हणतात. शिक्का बघा, ५८५ म्हणजे १४, ९१६ म्हणजे २२. आपल्याकडं आईला १४ कॅरेट दाखवलं तर ती म्हणेल हे पितळ आहे काय. बांगड्या २२ मध्ये मिळतात पण मग घडणावळ विचारून वजनानं हिशोब करा, आणि शेवटी आपल्या गुजरीतच, सराफ बाजारात, येऊन घ्या हाहा. जाहिरात नाही, खरं सांगतोय.

केशराला फसू नका. मसाला बाजारात 'टर्किश केशर' म्हणून स्वस्तात ढिगानं जे विकतात ते करडईचं फूल असतंय. रंग येतो, वास नाही. करडई काय सोलापूरला कमी पिकती का!

बाजार म्हणून बाजार मात्र बघाच. चार हजारच्या आसपास दुकानं आणि साठेक गल्ल्या छपराखाली, १४५३ ला शहर घेतल्यावर थोड्याच वर्षांत सुलतान मेहमेदनं सुरू केलेला. दुकानदार चहा पाजतो, चहाला पैसे नाहीत, पण चहा संपेपर्यंत गालिचा उलगडलेला असतो. नको असेल तर चहाच नको म्हणायचं. घासाघीस करायला आईंना पुढं करा, महाद्वार रोडवर ज्या बाईनं आयुष्य काढलंय तिला भाषेची गरज नाही.

टाकाळ्याची_वहिनी

@गुजरीतला_पोरगा बरोबर. आणि ग्रँड बझारमधून मसाला बाजाराकडं महमूतपाशाच्या रस्त्यानं सगळे चालत उतरतात, तिथं स्थानिक लोकांची लग्नाची खरेदी, स्वस्त कपडे, फार मजा. पण तो पूर्ण उतार आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. आईंना बेयाझितहून टी-वन ट्रामनं एमिनोन्यूला आणा, तुम्ही चालत या. इस्तंबूलकार्ट, म्हणजे ट्राम-बोटीचं कार्ड, एकच घेतलं तरी तिघांना चालतं, प्रत्येकाचं वेगळं टॅप करायचं. त्याच कार्डावर एमिनोन्यूहून उस्कुदारची सरकारी बोट मिळते, वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. टुरिस्ट क्रूझवाले मागं लागतील, ऐकू नका.

शाकाहाराचं म्हणाल तर मेरजिमेक चोरबासी म्हणजे मसुरीचं सूप कुठंही मिळतं, पण काही ठिकाणी मटणाच्या पाण्यात करतात, 'एतसिझ' म्हणून विचारायचं, म्हणजे मांसाशिवाय. गोझलेमे हे आपल्या पराठ्याचं भावंड, आत चीज-पालक. कुंपीर म्हणजे भला मोठा भाजलेला बटाटा. कांदा-लसूण चटणीची पुडी न्याच. सासऱ्यांनी चौथ्या दिवशी सूपात चटणी घातली तेव्हा कुठं हसले.

गंगावेस_तालीम

माझं एक. तिथं पुढं चालणाऱ्या बूटपॉलिशवाल्याचा ब्रश खाली पडतो. आपण चांगल्या घरचे, उचलून देतो. मग तो उपकार म्हणून तुमचा बूट घासायला बसतो, आणि घासून झाल्यावर पैसे मागतो. मी दिले. आणि ऐका, माझ्या पायात कापडी बूट होते.

राजारामपुरी_नववी_गल्ली

मेलो हसून. सगळ्यांचे लई आभार. फायनल: रवि ब्लू मॉस्क-हिप्पोड्रोम आणि मी-बाबा सिस्टर्न, सोम तोपकापी, मंगळ बाजार आणि सुलेमानिये, बुध म्युझियम आणि बोट. आया सोफियाला बाबा एकटे जाणार, मी बाहेर आईसोबत सिमीत (तीळ लावलेला गोल पाव) खात बसतो. पास कॅन्सल.

बाबांना आत्ताच व्हिडिओ कॉल केला, पोसायडनचं सांगितलं तर म्हणाले मी शाळेत असतानाच बघितलाय, तुला न्यायचं राहिलं. आता लाज वाटतीय. येत्या सोमवारी मला सुट्टी आहे, सकाळीच टाउन हॉलला जाऊन येतो.

गंगावेस_तालीम

सोमवारी टाउन हॉल म्युझियम बंद असतंय भावा.