मदत हवी आहे: ब्रेकडाउननंतर मिक्स उलटा पडतोय

निशाचर:
नेहमीचंच दुखणं. ब्रेकडाउनमध्ये किक (प्रत्येक बीटवरचा ड्रमचा ठोका) जाते, सिंथ एकटाच वाजत राहतो, मी दुसरा ट्रॅक आत घेतो आणि किक परत आली की सगळा खडखडाट. टेम्पो जुळलेला असतो. हे टेक्नोवाले मुद्दाम करतात का, डीजेला छळायला? शनिवारी वाजवायचंय, लवकर सांगा.

खटपट्या:
कंट्रोलर कोणता? सिंक (दोन ट्रॅक आपोआप जुळवणारं बटण) चालू की बंद? कुठला ट्रॅक? 'नेहमीचंच' म्हणजे काय ते आम्ही ओळखायचं?

सुईवाला:
सिंक बंद करा आधी. आम्ही एसएल-१२०० टर्नटेबलवर शिकलो. पडदाच नव्हता, तक्रारही नव्हती.

निशाचर:
बंदच आहे हो! कानानेच जुळवतोय.

मधुरा_सिंथ:
तिथेच गोची आहे. स्टॅब (सिंथचा छोटा, तुटक सूर) दोन किकच्या मधोमध बसवलेला असतो. किक काढली की कान त्या स्टॅबलाच बीट धरतो. १३० बीपीएमला (मिनिटाला १३० बीट) अर्धा बीट म्हणजे जेमतेम ०.२३ सेकंद, तेवढ्याने तुम्ही घसरता. कधी तीन स्टेपचा सिक्वेन्स सोळा स्टेपच्या बारवर (चार बीटचा बार, बीटला चार स्टेप) फिरवतात, तो तीन बारनंतरच पुन्हा एकवर येतो. किक परतताना नाचणारे क्षणभर गडबडतात, मजा त्याचीच. डीजे कोणाच्या डोक्यातही नसतो.

सुईवाला:
नसतो कसा? बनवणारे निम्मे स्वतः डीजे असतात. पक्कं ठाऊक असतं त्यांना.

मधुरा_सिंथ:
ठाऊक असणं वेगळं, छळणं वेगळं.

बासप्रेमी:
हेडफोन बंद कपांचे घ्या. उघड्या कपांतून बाहेरचा बास आत येतो.

खटपट्या:
हेडफोनचं विचारलंय कोणी?

मधुरा_सिंथ:
निशाचर, किक गेल्यावरही पायाने चार मोजत राहा, सिंथ काहीही करो. ओपन हॅटवरही (उघड्या झांजेचा आवाज) विसंबू नका, तो बहुतेकदा ऑफबीटलाच, दोन किकच्या मधेच असतो. किक परतते तिथे हॉट क्यू (ट्रॅकमधली खूण) टाका आणि तिथून उलटे १६ बार मोजून दुसरा ट्रॅक सोडा.

निशाचर:
क्यू टाकायला गेलो तर रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरची ग्रिडच (बीट दाखवणाऱ्या रेघा) तिथून पुढे अर्धा बीट सरकलेली दिसतेय.

खटपट्या:
हे आत्ता सांगताय? अॅनालिसिस डायनॅमिकवर (टेम्पो बदलतो असं धरणारं) आहे का? किक नसताना तेसुद्धा सिंथला बीट समजू शकतं. नॉर्मल (टेम्पो एकच धरणारं) करून ट्रॅक पुन्हा अॅनालाइझ करा. तरीही सरकलेली राहिली तर निर्मात्यानेच मध्ये अर्धा बीट जास्तीचा घातलाय. मग परतलेल्या पहिल्या किकपासून पुढची ग्रिड हाताने बसवा.

सुईवाला:
ग्रिड, ग्रिड! ऐका की जरा.