चेरीला लागणारी थंडी फोंड्यात नाही

ताई, काश्मीरहून आणलेलं गोड चेरीचं कलम फोंड्यात अंगणात लावू का, असं तुम्ही विचारलंय. पानं फुटतीलही, पण फळाची आशा धरू नका. या झाडाला हिवाळ्यात साधारण 800 ते 1200 तास 7 अंशांखालची थंडी लागते. त्याशिवाय कळ्या नीट उमलत नाहीत. आपल्याकडे डिसेंबरची पहाटसुद्धा एवढी गार नसते. त्यात पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजतात.

मनापासून सांगते, सुरीनाम चेरी लावा. माझ्या दारात आहे. छोट्या भोपळ्यासारखं, आठ शिरांचं फळ. केशरी असताना तोडू नका, राळेसारखं उग्र लागतं. गडद लाल होऊन हात लागताच सुटलं, की खा.