मदत हवी आहे: कुत्र्याने मेलेली कोंबडी खाल्ली, आता ताप आणि खोकला

प्रश्न (उदगीर तालुका): शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर कोंबड्या पटापट मेल्या. त्यातली एक आमच्या कुत्र्याने ओढून आणून खाल्ली. आता ताप १०४, कोरडा खोकला, डोळ्यांना चिपडं, खाणं बंद. दरवर्षीची नाइन इन वन लस दिलेली आहे. त्यात फ्लू येतो ना? पॅरासिटामॉल देऊ का? घरात लेकरं आहेत, मांजरही आहे.

प्रतिसाद १: दादा, माणसाची कुठलीच गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

त्या लशीत पॅराइन्फ्लुएंझा असतो, तो वेगळ्याच कुळातला विषाणू. फ्लूपासून तुमच्या कुत्र्याला संरक्षण नाही. अमेरिकेत कुत्र्यांच्या फ्लूची लस मिळते, पण ती घोड्यांकडून आलेल्या एच३एन८ आणि पक्ष्यांकडून आलेल्या एच३एन२साठी. एच५एन१ला, म्हणजे बर्ड फ्लूला, तिचा उपयोग नाही.

नुसता खोकला असता तर केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार) आधी धरला असता. मेलेली कोंबडी खाल्ल्यामुळे चित्र बदलतं. २००४मध्ये थायलंडात एच५एन१ने मेलेली बदकं खाऊन कुत्रा दगावला, २०२३मध्ये कॅनडात रानहंस चघळून. आपल्याकडे २०२१मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यांना आणि जानेवारी २०२५मध्ये तुमच्याच उदगीरला कावळ्यांना एच५एन१ निघाला होता.

प्रतिसाद २: आजच १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि कोंबड्या मेल्याचं आधी सांगा. कायद्याने ते कळवावंच लागतं. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, हाताळूही नका, त्यांची विल्हेवाट सरकारी पथक लावेल. कुत्र्याला दवाखान्यात न्यायच्या आधीही फोन करा, नाहीतर तिथल्या बाकीच्या जनावरांना धोका.

घशाचा आणि नाकाचा स्वॅब लवकर, पहिल्या तीन-चार दिवसांत व्हायला हवा. नंतर विषाणू कमी सापडतो आणि अहवाल उगाच निगेटिव्ह येतो. नमुना बर्फात जातो. बर्ड फ्लूची पक्की तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

तोवर कुत्रा वेगळ्या, हवेशीर खोलीत. मांजर आणि लेकरं लांब. एकाच मोठ्या माणसाने मास्क, हातमोजे घालून पाणी ठेवायचं. फरशी आधी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात ३० मिली ब्लीच घालून दहा मिनिटं राहू द्या. घाण तशीच राहिली तर ब्लीचचा जोर तिच्यातच संपतो. त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रश्नकर्ता: दुपारपासून लाळ गळतेय, मान थरथरते. औषध भरवू का?

प्रतिसाद १: अजिबात नाही, तोंडात हात घालू नका! एच५एन१ मेंदूत जाऊ शकतो, डिस्टेंपरही. आणि लस झालेली असली तरी रेबीज नाकारता येत नाही. दार बंद ठेवा, डॉक्टरांना घरी बोलवा. कुणाला लाळ लागली किंवा ओरखडा बसला असेल तर साबणाने १५ मिनिटं धुवून लगेच सरकारी दवाखान्यात जा. दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना कोंबडीचं आणि कुत्र्याचं दोन्ही सांगा.