लाटांमधील निळा प्रकाश फॉस्फरसचा नव्हे

गोव्यातील बेतालभाटीच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर का चमकतात, असे मडगावच्या ताईंनी विचारले होते आणि पाण्यातील फॉस्फरस पेटतो, असे उत्तर त्यावर आले आहे. ते मला पटत नाही. मुक्त फॉस्फरस निसर्गात सापडतच नाही. समुद्रात असतो तो फॉस्फेटच्या रूपात, आणि फॉस्फेट चमकत नाही.

हा प्रकाश सजीवांचा आहे. आपल्याकडे ही चमक बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय प्लवकामुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्याशा जीवामुळे, येते. लाट फुटून किंवा पाय पडून पेशीवर ताण आला की तिच्यातील अतिसूक्ष्म कणांमध्ये आम्लता वाढते, ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होते आणि सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरता निळा प्रकाश बाहेर पडतो. म्हणूनच संथ पाणी काळोखे राहते व लाटेचा माथा तेवढा उजळतो. मुलांना हे जरूर दाखवावे: असे पाणी काचेच्या बरणीत भरून अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ स्थिर ठेवावे आणि मग हलकेच ढवळावे. ठिणग्या उठतात, पण पुन्हा पुन्हा ढवळल्यास त्या फिक्या होत जातात, कारण पेशीतील या द्रव्याचा साठा संपत आलेला असतो.

पाणी विषारी होते का, हा ताईंचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नॉक्टिल्युका स्वतः विष तयार करीत नाही. मात्र तिच्या पेशीत अमोनिया साठतो, आणि दाट थर कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू घटून मासळी गुदमरू शकते.