रिसेप्टरला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: फिजिओथेरपीच्या पेशंटांसाठी स्नायूंवर मराठी पुस्तिका लिहितेय. 'मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूपेशीवरच्या ग्राहकाला चिकटलं की वाढीला लगाम बसतो' या वाक्यात रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, 'ग्राहक' लिहिलं होतं; तपासणाऱ्यांनी ते खोडलं. म्हणाले, लोकांना दुकान आठवेल. 'ग्राही' चालेल का?

शब्दवेडा: ताई, ग्राहीच ठेवा. गुणग्राही म्हणतोच की आपण.

महालातला: पेशंटला ग्राही कळणार नाही. सरळ 'कुलूप' लिहा, संप्रेरक (हार्मोन) ही किल्ली.

मेडिकल चौक: कुलूप म्हटलं की दारावरचंच डोळ्यांपुढे येतं. टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. संप्रेरक आत शिरून त्याला धरतं आणि दोघं केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. मायोस्टॅटिन आणि आयजीएफ-१ (वाढ घडवणारं संप्रेरक) यांचे मात्र पेशीच्या पटलावर. आयजीएफचा चेतला की एकेटी, एमटॉर या पेशीतल्या प्रथिनांच्या साखळीतून नवी प्रथिनं बांधली जातात आणि फॉक्सो हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकाबाहेर थोपवलं जातं. साखळी थंडावली की तेच फॉक्सो केंद्रकात जाऊन प्रथिनं मोडणारी जनुकं सुरू करतं. मायोस्टॅटिनचा लगाम किती घट्ट, ते 1997 मध्ये मॅक्फेरॉन आणि ली या संशोधकांनी दाखवलं: त्याचं जनुक काढलेल्या उंदरांचे स्नायू दुपटीतिपटीने वाढले. मी रिसेप्टरच लिहिलं असतं.

शब्दवेडा: म्हणजे मराठीनं हात टेकायचे? संप्रेरक रुळला, तसा ग्राहीही रुळेल.

वऱ्हाडी भाऊ: आधी 'स्नायूपेशी'चं पाहा जी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी 500 आणि स्नायू 900. तिथं पेशी म्हणजे मसल, स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. आपण स्नायूला मसल केलं, पेशीला सेल. हिंदीत मांसपेशी म्हणजे मसल आणि सेल म्हणजे कोशिका. आपल्या नागपुरात पेशंट दोन्ही भाषांतली पत्रकं वाचतो; पेशी म्हणजे नेमकं काय, त्यानं कसं ठरवायचं?

धरमपेठकर: भाऊ, शाळेच्या पुस्तकांत पेशी म्हणजे सेलच आहे, ते आता फिरवता येणार नाही. स्नायू झडण्याला 'मांसक्षय' लिहिलंय, ते तरी बरं आहे ना?

महालातला: नको! क्षय म्हटलं की घरचे टीबीच समजतील.

शब्दवेडा: मग 'शोष'. आयुर्वेदातला जुना शब्द आहे.

महालातला: शोष पडतो तो घशाला.

वऱ्हाडी भाऊ: बाबांच्या पायाचं प्लास्टर कापलं तेव्हा आई म्हणाली, "पिंढरी वाळली जी!" त्या पायावर पायजमा नुसता लोंबत होता, दुसऱ्यावर नीट बसलेला. 'वाळणे' घ्या.

मेडिकल चौक: वाळलेलं पुन्हा हिरवं होत नाही, असं पेशंटच्या मनात बसेल. प्लास्टरमधला स्नायू व्यायामानं परत येतो. 'झीज' लिहा.

महालातला: झीज हाडांची, गुडघ्याची. तीही भरून येत नाही, असंच लोक धरून चालतात.

वऱ्हाडी भाऊ: आमच्याकडे वाळलेली पिंढरी 'भरते'. ताई, वाढीसाठीही तोच शब्द घ्या. 'अतिवृद्धी' लिहिलं तर माणूस गाठ समजून घाबरेल.