मदत हवी आहे : निवृत्तीबरोबर हरवणारी विभागीय माहिती महाविद्यालयात कशी टिकवावी?

मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) स्वयंअध्ययन अहवालासाठी मागील 5 वर्षांची माहिती लागते. आमच्याकडे मात्र ती विभागप्रमुखांच्या पेनड्राइव्हवर आणि वैयक्तिक गूगल खात्यांत विखुरलेली असून, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक निवृत्त झाल्यावर त्यांच्या खात्यातील फोल्डर आम्हाला उघडताच येईनासे झाले.

पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर) जातात, त्यामुळे प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न पदव्युत्तर प्रकल्प, सर्वेक्षणे आणि बैठकांची इतिवृत्ते यांचा आहे.

डीस्पेस ही दस्तऐवज साठवण्याची व शोधण्याची मुक्त प्रणाली ग्रंथालयाच्या संगणकावर बसवली आहे व ती नीट चालते. परंतु प्राचार्यांनी 2 परिपत्रके काढूनही मोजक्याच शिक्षकांनी दस्तऐवज जमा केले. (ज्यांनी केले, त्यांनी फाइलला ‘फायनल नवीन’ अशी नावे दिली.) शिवाय जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (आजच्या प्रमाणित अक्षरसंकेतांआधीच्या) असल्याने शोधात सापडत नाही, आणि तो युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक वापरल्यास रफार व जोडाक्षरे बिघडतात.

संस्थेच्या नावाचे ईमेल खाते प्रत्येक शिक्षकाला मिळालेले आहे. स्वतंत्र तांत्रिक कर्मचारी नाही आणि सशुल्क प्रणालीसाठी निधीही नाही.

दस्तऐवज जमा करणे वार्षिक अहवालाच्या किंवा निवृत्तीपूर्व ना-देय प्रमाणपत्राच्या (काही देणे बाकी नसल्याच्या दाखल्याच्या) प्रक्रियेशी कोणी प्रत्यक्ष जोडले आहे का, आणि जुन्या फॉन्टमधील मजकूर पूर्ण रूपांतरित न करता केवळ शीर्षक, लेखक, वर्ष व विषय एवढ्याच नोंदी युनिकोडमध्ये ठेवल्यास शोधासाठी ते पुरेसे ठरते का?